शनिवारचा निकाल

मुलांनो, हे फोनवर बोलता येत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे, येईन तेव्हा हातात देईन. थोरलीने लॉ कॉलेजात प्रवेश घेतला आणि विचारलं, "आजोबा कसे न्यायाधीश होते?" तुमच्या आईने सांगितलं असेल, प्रेमळ. नव्हते. लहानपणी एकदा खोटं बोलली म्हणून तिच्याशी ते उन्हाळाभर बोलले नव्हते.

आपले पूर्वज फुटक्या गलबतातून कोकण किनाऱ्याला लागले आणि तिथे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी कुठलंच काम करत नसत, घाणाही बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्या घरातले आजोबा तालुक्याच्या कोर्टापासून जिल्हा न्यायाधीशापर्यंत पोचले. पण शनिवारी त्यांनी कधी निकाल दिला नाही, पेनही उचललं नाही. त्यापायी बढती अडली, तरी नाही. बाररूममध्ये वकील हसत, "तेल्याने आता माणसं घाण्याला जुंपली." आजोबा जेवताना ते मला सांगत आणि भात मागत.

निवृत्तीनंतर आम्ही सौदीत, जुबैलला तुमच्या मामाकडे आलो. इथे आपण यहुदी नाही, ख्रिश्चन, हे मामाने विमानतळावरून घरी येतानाच बजावलं होतं. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, तसंच आहे. त्यावरच त्याची नोकरी, आमचं घर, सगळं.

कामगारांच्या कॅम्पमधली कोकणातली माणसं शुक्रवारी, सुट्टीला, आपली भांडणं आजोबांकडे आणू लागली. पद्धत कोर्टाचीच. दोघांनी आधी "निकाल मान्य" म्हणायचं, मग बोलायचं. निकाल रविवारी, कामावरून सुटल्यावर.

मागच्या हिवाळ्यात गुहागरकडचा एक फिटर परांची कोसळून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. फोरमन म्हणाला, त्याने सेफ्टी बेल्ट स्वतः सोडला. फिटरचे सोबती म्हणाले, फोरमनने बेल्ट दिलाच नव्हता. फोरमन अलिबागकडचा, गोड बोलणारा. शुक्रवारी आजोबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात फोरमन, मागे जिन्यावर शुक्रवारी आलेली तीच माणसं.

"काकू, चूल थंड दिसते! आमच्या गावातही असायचे असे. शनिवारी घाणा बंद, चूल बंद. साहेब उद्यापर्यंत का थांबतात, ते रात्री लक्षात आलं."

मी म्हटलं, "साहेब झोपलेत."

"उठवा की. निकाल आजच द्या, तोही लिहून, सहीनिशी. नाही दिला, तर का नाही ते मी मुदीरला विचारतो. मुदीर तुमच्या मुलाला विचारेल."

मुदीर म्हणजे मामाचा मोठा साहेब. मामा आतून आला, तोंड पांढरंफटक. आजोबा मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा, द्या लिहून."

"आज?"

"तुम्हाला शनिवार हवाय की मी?"

आजोबा खुर्चीत बसले. मामाने स्वतःच्या खिशातलं पेन त्यांच्या हातात दिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. बेल्ट दिला नव्हता, दोष फोरमनचा. खाली सही केली आणि कागद फोरमनपुढे धरला.

"मान्य म्हणाला होतास."

फोरमनने तो वाचला आणि हसला. "मान्य, साहेब. माझंच चुकलं. तुम्ही ते शनवार तेली नव्हेच." तो खाली उतरला, मागोमाग बाकीचे.

मामा म्हणाला, "आई, आता काहीतरी गरम कर."

मी गॅस पेटवला.

सोबत्यांनी तो कागद कंपनीत नेला. तिथे कुणाला मराठी येत नव्हतं, आणि आजोबा तिथे कुणी नव्हते. फिटरला स्ट्रेचरवरून गावी पाठवलं. फोरमनला दुसऱ्या साइटवर वरची जागा मिळाली.

आजोबा पुन्हा कुणाचं भांडण ऐकायला बसले नाहीत. दर शनिवारी मामा नाश्त्याला बसला की ते विळी घेऊन त्याच्यासमोर भाजी चिरतात. मामाला उठू देत नाहीत. "बस. बघ," एवढंच म्हणतात. एकदा मामा रडला. आजोबांनी दुसरी जुडी घेतली.

मामाची नोकरी शाबूत आहे. शुक्रवारी संध्याकाळी, आपला शनिवार लागतो तेव्हा, मी स्वयंपाकघराचं दार लावून तेलाचा दिवा लावते. तेवढा दिवा अजून आहे.