चतुराबाईचं टोपलं

लिव्ह शालू. तुह्या पणजीचं लिव्ह, माह्या सासूचं. चतुराबाई नाव. शेंदूरजनाघाटात आपल्या बुरडाच्या गल्लीत तिच्यासारखा हात कोनाचाच नोता. मी सून हाये म्हून नाई सांगून राह्यली. सुना काई उगाच सासूची तारीफ करत नाई.

बासष्टचं साल असन. तुह्या बापाले दात येऊन राह्यले होते. भगवंतराव बागवानाचे संत्रे टोपल्यात भरून टरकानं पार दिल्लीले जात. पन टोपलं खोललं का काठाचे चांगले आन् मधातले सडके. भगवंतरावानं सांगितलं, ज्याच्या टोपल्यात माल सडनार नाई, त्याचाच नमुना सारी गल्ली इनन.

बुढी पंधरा दिवस आंगनातल्या डाल्याकडे पाहत बसे. डालं म्हंजे कोंबड्या झाकाचं बांबूचं मोठं झाकन; डोकं घुमटासारखं, वर भोक. म्या म्हटलं, "आत्याबाई, कोंबडी पयून चालली काय?" थे म्हने, "तू तुही भाकर पाय, करपली."

मंग तिनं टोपलं केलं. शेजारच्या पुंजाजीनंबी केलं. भगवंतरावाच्या ओट्यावर ठेवले तं दोन्ही जुये भाऊ. तेवढीच उंची, तसाच काठ, तशाच बांबू चिरून काढलेल्या हिरव्या-पांढऱ्या कमच्या. बाजूबाजूले बसून जनम गेला, हात सारखेच चालनार ना.

पुंजाजी साऱ्याइसमोर म्हने, "वयनी, मधल्या कुडावरून माहं पाहून केलं ना? बुडाले कुबड आलं म्हून टोपलं नवं होते काय?"

लोक हासले. भगवंतराव म्हने, "बाई, मलेबी एकच दिसून राह्यले."

आपल्यात नमुना चोरला असं नाव पडलं का मंग बाजूले बसून कोनी इनत नाई. चाळीस वर्षं इनलेलं एका घडीत वाया जाते.

सासू रडली नाई, भांडली नाई. मले म्हने, "डालं आन." म्या पयतच आनलं, त्याले पिसं चिकटून होते. तिनं थे आपल्या टोपल्याच्या बाजूले ठेवलं. "हे याची सख्खी बहीन. पुंजाजीचं टोपलं तं नुसतं गाववालं."

आता पाय, डालं केवढं आन् टोपलं केवढं. भगवंतरावानं पुढून पाह्यलं, मांगून पाह्यलं. "कुठून बहीन, बाई?"

थे पुंजाजीकडे वयली. "पुंजाजी, तू हात लाव. तुले समजन."

पुंजाजीनं एक हात टोपल्यात घातला, दुसरा डाल्याच्या डोक्यावर ठेवला, आन् डोये मिटले. मंग हयूच म्हने, "डाल्याचं डोकं बुडात बसवलं वयनी तुमी. मधातल्या संत्र्याले भोकातून खालून हवा." भगवंतरावाकडे पाहून म्हने, "मालक, मी काठ पाहत होतो. माह्यासारखं दिसते, पन हे माहं नोहे."

पहिल्या टरकातले मधातले संत्रे दिल्लीले टवटवीत उतरले. तवापासून साऱ्या गल्लीनं तसंच बूड घातलं. गल्लीतल्या जुन्या बाया थकल्या का नव्या पोरीइले थे बूड पुंजाजीच शिकवे. आन् कमची हातात घ्यायच्या पहिले दरवख्ती सांगे, "हे चतुरावयनीचं हाये, मी नुसता हात दाखवतो."