किल्लेदाराचा आवाज

टीव्हीवर ह्यांनी तोंड उघडलं आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा निघाला.

चेहरा ह्यांचा, मान वळवायची ढब ह्यांची, आवाज मात्र कुणा गुळगुळीत दिल्लीवाल्याचा. खोली शेजाऱ्यांनी भरली होती. समोरच्या क्वार्टरमधली सरदारीण माझ्या कानाशी म्हणाली, "बहनजी, ए आवाज भाईसाब दी ते नहीं." मी म्हटलं, "मला कळतंय."

ह्यांना जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. थंडीत कामावर निघाले आणि बसस्टॉपवरच बसले, ते उठले नाहीत. तेव्हापासून मी ह्यांनी काम केलेल्या त्या सिनेमाची वाट बघत होते. फोटो घरात होते. आवाज नव्हता. टेपरेकॉर्डर होता, पण रोज घरात बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं?

हे इस्पितळाच्या लॅबमध्ये होते. चंडीगडातली मराठी मंडळी गणपतीत एक जुनं ऐतिहासिक नाटक दरवर्षी करायची, त्यात हे किल्लेदार. तलवारी इंडस्ट्रियल एरियातून पत्रा कापून आणलेल्या. गड सोडताना किल्लेदार मोठं भाषण करतो आणि किल्ल्या सुभेदाराच्या पायाशी फेकतो. तिथे टाळ्या पडायच्याच, वन्समोअर व्हायचाच. हे पुन्हा किल्ल्या उचलून पुन्हा फेकायचे.

दिल्लीचा एक दिग्दर्शक जुन्या नाटकांचे टीव्हीसाठी हिंदी सिनेमे करत होता. त्याने आमचं नाटक पाहिलं आणि ह्यांनाच किल्लेदार म्हणून घेतलं. शूटिंग जवळच्या पिंजौरच्या मुघल बागेत. दरबारी म्हणून सगळ्या मराठी मंडळींना फेटे बांधून उभं केलं. बायका मागे. मी पण होते.

ह्यांनी हिंदीत भाषण केलं. किल्ल्या खणकन पडल्या आणि सगळ्या दरबाराने टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शकाने हात जोडले. "भाईसाहब, ये थिएटर नहीं है! आवाज़ रिकॉर्ड हो रही है."

हवाईदलातले एक रिटायर साहेब फेटा सावरत म्हणाले, "मग किल्लेदाराला सांगा जरा वाईट बोलायला."

दुसऱ्या खेपेला सगळे दात आवळून उभे. किल्ल्या पडल्या आणि मागून एका डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "वन्समोअर!" हे तर सवयीने किल्ल्या उचलायला वाकलेही. हसू आवरेना कुणाला. तिसऱ्यांदाही तेच. ऊन उतरलं. दिग्दर्शक म्हणाला, चित्र छान आलंय, आवाज नंतर दिल्लीला नेऊन भरून घेऊ. हे खूश. दिल्लीला जायचं म्हणून नवा मफलर घेतला.

टाळ्या मीही वाजवल्या होत्या. भाषण तसंच होतं. परत झालं तर परत वाजवीन.

सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून दिग्दर्शकाला फोन केला. म्हटलं, ती टाळ्यांनी बिघडलेली टेप मला द्या.

"माताजी, उस टेप पर तो कब का कुछ और रिकॉर्ड हो गया. टेप बहुत महँगी आती है."

"पोहे माझ्या घरी तीनदा मागून खाल्लेत," मी म्हटलं. "तेव्हा नाही महाग वाटले." मी फोन ठेवला. त्याचं तरी काय चुकलं? मेलेल्या माणसासाठी काम कोण थांबवतं? पण आवाज हवा होता. अजून हवा आहे. बसस्टॉपवर कुणी मोठ्याने मराठी बोललं तर मान आपोआप वळते.

पुढे सिनेमा पुन्हा लागला. मुलगी म्हणाली, "आई, मत देखो." मी म्हटलं, "देखूँगी. आवाज बंद कर." तिने केला. किल्लेदार ओठ हलवत राहिला. ह्यांचा आवाज आठवेल असं वाटलं होतं. नाही आठवला. निदान त्या दुसऱ्याचा तरी ऐकावा लागला नाही. किल्ल्या पडल्या, त्याही मुक्याने. कुणी टाळी वाजवली नाही.

हवाईदलातले साहेब गेले. डॉक्टरीणबाई पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तिथे वारल्या. बाकीचे बदल्या होऊन पांगले. त्या दरबारातली चंडीगडात आता मीच आहे.