दादाच्या फियाटला गेज

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत चिवडा, वहिनीसाठी मनुका आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक व्हॅक्यूम गेज होतं. इंजिन आत हवा किती जोराने ओढतंय ते काट्यावर दाखवणारी ही तबकडी, बटाटेवड्याएवढी. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत असं एक आहे. हे दुसरं नागपूरच्या दादासाठी होतं आणि ते आणायला वहिनीने फोनवर बजावलं होतं.

"ताई, सिग्नलवर गाडी बंद पडली अन् यांले पत्ताच नाही. एक्सलेटर दाबूनच राहिले! मागून हॉर्नवर हॉर्न. आता एक तर ते गेज लावा, नाही तर गाडी विकून टाका."

दादाला ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यासमोर मात्र कुणी बोलत नव्हतं.

नागपुरात अजनी स्टेशनला उतरले तर दादा स्वतः फियाट घेऊन हजर. बाबांनी घेतलेली पांढरी गाडी, डॅशबोर्डवर एक ओरखडा नाही. मनीषनगरला त्याच्या घरी पोचेपर्यंत मी त्याला दोनदा विचारलं, वहिनीचे गुडघे कसे आहेत? दोन्ही वेळा तो "हो, हो" म्हणाला आणि गोड हसला. मला फार वाईट वाटलं.

घरी सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि कढी तयार होती. खाता खाता मी गेज बाहेर काढलं, तसा दादाचा घास हातातच राहिला. कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये त्याची सारी नोकरी झालेली.

"जिंदगीभर काटेच पाहिले वं मी. काटा हालला का जीव वर. आता या गाडीत तरी काटा नको. इंजिन कानानं समजते मले. अन् बाबाच्या डॅशबोर्डले भोक पाडू का मी?"

वहिनी उठून कढईकडे गेली.

खरं सांगायचं तर मला त्याचं निम्मं पटत होतं. गेज बसवल्यापासून मी घाटात दरीकडे बघायचं सोडून काट्याकडे बघते. गाडी सुरळीत चालली असली तरी उगाच खोट शोधत बसते. आणि भोक एकदा पडलं की पडलं, ते काही बुजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं उमरेडला निघालो. तिथे आमचं आजोळ, विणकरांचं. माग केव्हाच गेले, मामेभाऊ आता मोबाईल दुरुस्त करतो. हुडकेश्वरकडच्या कॉलन्या मागे पडल्या, शेतं लागली आणि समोरून कोळशाचे ट्रक येऊ लागले. दादा मजेत होता. एका टपरीवर त्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि तर्री पोहे (वर झणझणीत रस्सा ओतलेले) सांगितले.

टपरीवाला म्हणाला, "काका, तुमची गाडी शिट्टी मारून राहिली."

"हो, हो," दादा हसला. टपरीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. ते पाहून दादाने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणे तो?"

"बॉनेटमधून शिट्टी येते म्हणतो."

दादाने बॉनेट उघडलं, कान आत नेला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"तुले आयकू येऊन राहिली का?"

"हो, दादा."

"कधीपासून?"

"काल. अजनीपासून."

"मंग काहून नाही सांगितलं?"

त्याचं मन राखायचं म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो होतो आणि तो बिचारा बंद पडलेल्या गाडीचा एक्सलेटर दाबत होता.

"दाखव," तो म्हणाला. कार्ब्युरेटरजवळची एक रबरी नळी टोकाशी चिरली होती, तिथून हवा शिरत होती. मी तिथे बोट दाबलं. दादाने तळहात मडगार्डवर ठेवला होता. थरथर कमी झालेली त्याला हाताला कळली. त्याने इंजिन बंद केलं, नळीचं टोक कापून ती पुन्हा बसवली आणि हात पुसत म्हणाला, "लाव ते गेज. पण भोक नको."

संध्याकाळी उमरेडहून परतल्यावर डॅशबोर्डखालच्या आधीच्याच स्क्रूला पट्टी अडकवून गेज बसवलं. निघायच्या दिवशी वहिनी मागच्या सीटवरून निवांतपणे बाहेर बघत होती. इंजिन बंद पडलं तर आता काटा शून्यावर येईल, दादाला कळेल. पण मागच्या ट्रकचा हॉर्न काही काटा सांगणार नाही, वहिनीचं बोलणं तर नाहीच. एवढ्या लांबून मी अर्धंच औषध आणलं होतं.

अजनीला रेल्वे हलली तसं मी खिडकीतून म्हटलं, "दादा, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये." गेली कितीतरी वर्षं हे मी त्याला ऐकू जाणार नाही इतक्याच आवाजात म्हणत आले आहे.

या वेळी तो हसला नाही. कानामागे तळहात धरून डब्याबरोबर चालू लागला.

"आयकू नाही आलं वं! जोरानं बोल!"

डब्यातली माणसं वळून बघू लागली. मी ओरडून सांगितलं.