आखाजीच्या आधी

आमच्या अक्का गेल्या त्याला महिना होत आला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी चौथी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण हे बोलून होत नाही, म्हणून लिहिते.

त्यांच्या पोटात गाठ होती. धुळ्याच्या दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. डॉक्टर बाहेर येऊन नानांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, हळूच म्हणाले, "आखाजीपर्यंत... फार तर." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. खिडकी उघडी होती. आत अक्का जाग्या होत्या.

गावी, असोद्याला आणल्यावर जो तो भेटायला येई आणि म्हणे, "अक्का, आखाजीले पोरी येतीन, तोवर तू उठून बसशीन." धीर द्यायचा म्हणून आम्ही सगळेच तसं म्हणत होतो. आणि आखाजीचं नाव निघालं, की अक्का भिंतीकडं तोंड फिरवत.

एकदा मी त्यांची कूस बदलून देत होते. हाताला नुसती हाडं लागत होती. त्या म्हणाल्या, "देवाले सांग व, मले आखाजीच्या आधी ने."

"असं नका म्हणू अक्का. लई दुखतं का?"

"दुखतं त खरं. पन त्याच्यासाठी नही म्हनत. येडी, सनाच्या दिवशी मी गेली, त सन मोडला ना घरातला! पोरींचा झोका बंद."

तेव्हा मला उमगलं. आमच्याकडं सणाच्या दिवशी घरात कोणी गेलं, की तो सण मोडतो. पुढं कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात वासरू झालं, तरच तो पुन्हा सुरू होतो. नाही तर कायमचा गेला. आणि आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. वर्षभर राबलेल्या पोरी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, सासूच्या नावानं बोटं मोडतात. दारातल्या निंबाला झोका अक्काच बांधत. पोरींना टोचू नये म्हणून फळीला आपल्या जुन्या लुगड्याची घडी गुंडाळत. रिकामा झोका वाऱ्यानं हलला, की हातातलं काम टाकून उठत आणि धरून थांबवत. रिकामा झोका हलू देऊ नये, म्हणत.

मी मारुतीच्या देवळात गेले. हात जोडले. लवकर ने, असं म्हणवेना; आणि ठेव म्हणावं तर त्यांचं कण्हणं कानात येई. काहीच न मागता दिवा लावून परत आले...

"सांगितलं का?" अक्कांनी विचारलं. मी होकाराची मान हलवली.

आखाजी आली. दोघी लेकी आल्या. थोरली आईला बघून पायाशीच बसली. "बाहेर जाय व! मी काय मेली का अजून?" अक्का खेकसल्या. झोका मी बांधला. पोरी बसल्या, पण गाणं फुटेना. आतून आवाज आला, "मुक्या झाल्या का? सासूचं म्हना!" धाकटीनं रडत रडत सुरू केलं.

त्या दिवशी अक्कांनी डोळा लागू दिला नाही. अंग घामानं भिजलेलं, दात आवळलेले, माझं मनगट घट्ट धरलेलं. इतके दिवस लवकर ने म्हणणारी बाई पुटपुटत होती, "आज नको... आज नको." मी काय करणार? पदरानं घाम पुसत होते. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कुठं त्यांची पकड सुटली.

आता त्या जायला मोकळ्या होत्या, पण मरण येईना. आठवडाभर तळमळत राहिल्या. "आता काय राह्यलं व?" असं मलाच विचारत. मी त्यांची कूस बदलून देई. मग एका सकाळी गेल्या.

सण राहिला. पुढच्या आखाजीला पितरांसोबत त्यांच्याही नावानं पाण्याची घागर भरायची आहे, आणि पोरींसाठी झोकाही बांधायचा आहे. यंदाचा झोका अजून कोणी सोडलेला नाही. दुपारी वारा सुटतो, रिकामी फळी हलायला लागते. मी भाकरी तव्यावर सोडून बाहेर धावते, फळी धरते. ती थांबली तरी लगेच सोडवत नाही... हाताखाली त्यांच्या लुगड्याची घडी असते.