वॅट नसलेली डबी

धाड गावच्या बाजारात सहदेवचं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती वॅटचा?" आमच्याकडे माणसंही वॅटवरच मोजतात. सहदेवने आयुष्यात सगळ्यात चांगली जी वस्तू केली, तिला वॅटच नव्हते.

त्याची आई सिंधूताई चाळीस वर्षं एकतारीवर गावोगाव भीमगीतं गायली. म्हातारपणी बोटांतला जोर गेला, तेव्हा सहदेवने एकतारीच्या भोपळ्याला बझरमधली पितळी चकती चिकटवली. तार हलली की चकतीत वीज तयार होते, पण अगदी अशक्त. सरळ साउंडच्या मिक्सरला जोडली तर मिक्सरच ती पिऊन टाकतो आणि तार पत्र्यासारखी वाजते. म्हणून मधे जोडायला त्याने साबणाच्या डबीत बफर नावाचं छोटं सर्किट बांधलं.

"यानं आवाज वाढतो का?" मी विचारलं होतं.

"नाही भाऊ. हे चकतीकडून काहीच ओढत नाही म्हना ना. पुढं लागन ते आपल्या बॅटरीतून देते. तार जशी हाय तशी पोचते, बस."

गेल्या भीमजयंतीला सुलतानपूरला सिंधूताईंचं गाणं होतं. सहदेवने डबी जोडली, तार वाजवून पाहिली आणि ओळखीच्या घरी टेकलेल्या आईला आणायला गेला. साउंडवाल्या रवीने डबी उलटीपालटी केली. "हे वाढवत तं काहीच नाही. मंग कायले मधात?" म्हणत त्याने ती काढली आणि वायर सरळ मिक्सरमध्ये खुपसली. त्यांच्यासोबत आलेला मी शेजारीच उभा होतो. मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. कशाला वाद, म्हटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

सिंधूताईंनी तार छेडली. बारीक किरकिर आली. रवीने आवाज चढवला, तसं सगळं घुमून शिट्टी फुटली. पोरं हसली. म्हातारीने आणखी जोरात तार ओढली, मग तिचा गळाही डगमगला. गर्दीतून वाट काढत सहदेव मिक्सरपाशी पोचला तोवर आयोजकांनी आभार मानून डीजे सुरू केला होता.

घरी आल्यावर सहदेवने आईला सगळं समजावलं. घरच्या ॲम्प्लिफायरला डबी लावून एकतारी जोडली आणि आईपुढे धरली. तिने हात मागे घेतला. मग त्याने स्वतःच तार छेडली. खोली भरून गेली, इतका गोल, भरीव सूर.

"आयकलं ना माय? तुही चूक नव्हती. डबी काढली व्हती त्यानं."



"तुह्या हातानं वाजते बाबू," सिंधूताई म्हणाल्या. "माह्या हातात राह्यलं नाही आता."

दिवाळीआधी त्या गेल्या. तोवर त्यांनी एकतारीला हात लावला नाही.