जुवावरची दुसरी खाच

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन चौथा महिना लागला. त्याच्या वस्तू आवरायचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं, कारण मी सावकाश आवरतो आणि काही टाकून देत नाही. परवा गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं बाभळीचं जू खाली काढलं. पुसताना बोट त्याच्या खाचेत गेलं. मधल्या नव्हे, बाजूच्या खाचेत. मग त्या दिवशी दुसरं काही आवरलं गेलं नाही.

गोष्ट निजामाच्या अमलातली. हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव. जमीन थोडी, पण भारी काळी. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडत आणि पावसात ती तळव्यांना अशी चिकटे की दहा पावलांत पाय उचलवत नसे. अशा जमिनीत औत धरायला दिवस मोजकेच मिळतात. पाऊस उघडला की दादा रोज सकाळी एक ढेकूळ मुठीत दाबून खाली टाकायचा. चपटं पडलं तर मुकाट्यानं घरी परत. फुटून मोकळं झालं की म्हणायचा, वाफसा आला. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत ज्वारी पेरून झाली तर झाली. पुढे तीच माती पेरणीच्या तिफणीचे फण आत घेत नसे.

आमच्याकडे बैल एकच होता, लाल, खांद्यानं दणकट. आमच्या बांधाला लागून एका विधवा बाईचं रान होतं. तिला सगळे काकू म्हणत. तिचाही बैल एकच, पांढरा, वयानं उतरलेला. दोन्ही मिळून एक जोडी व्हायची. या व्यवहाराला वारंगुळा म्हणत. बैलाला बैल, दिवसाला दिवस, कुणाचे कुणावर उपकार नाहीत. काकूचा दीर तिचं रान अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, कसायला मागत होता आणि ती देत नव्हती. "माझा बैल जुवाखाली हाय तवर रान मीच पेरणार," असं ती गावभर सांगायची. तिचं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं.

मी तेव्हा बदनापूरला शाळेवर भाषा शिकवत होतो आणि दसऱ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. आमच्या रानात पेरणी चालली होती. बांधावर पुस्तक घेऊन बसलो असताना माझी नजर जुवावर गेली. तिफणीच्या दांड्या जुवाला ज्या कातडी दोरानं बांधतात, त्याला येठण म्हणतात. ती मधोमध असायला हवी. दादानं ती चार बोटं सरकवून, आमच्या बैलाच्या बाजूच्या खाचेत बांधली होती. आमच्या बैलाकडे जुवाचा आखूड भाग, काकूच्या बैलाकडे लांब. मला वाटलं, आखूड म्हणजे हलकं. दादा एका विधवेच्या म्हाताऱ्या बैलाला राबवून आपला बैल वाचवतो आहे. मी त्याला विचारलं नाही. मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी काकूचं रान. वाफसा संपत आला होता. बी कमी पडेल म्हणून दादा घरी गेला आणि मला म्हणाला, "तू जुंप, चालू कर. मी आलोच."

मी जुंपलं. येठण मधल्या खाचेत बांधली आणि मला फार बरं वाटलं.

काकू ओटीत ज्वारी घेऊन चाड्यापाशी उभी राहिली. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. त्यात मुठीतून बी सोडायचं, ते नळ्यांतून तिन्ही फणांमागं सारखं पडलं पाहिजे. काकूसारखी मूठ पंचक्रोशीत नव्हती.

"मास्तर, सरळ हाक. पोरांच्या वहीवानी वाकडं नको."

"रेघा तर रोज आखतो मी, काकू."

"रूळ धरून आखतोस. हितं रूळ न्हाई."

चौथ्या फेरीला पांढरा बैल रेंगाळला, पाचवीला त्यानं गुडघे टेकले आणि तो बसला. काकूची मूठ मिटली. शेजारच्या बांधावरून दीर हे पाहत होता.

"वहिनी, बैल बसला की हो. आता तरी द्या आम्हाला."

"बैल बसलाय, भावजी. मी उभी हाय."

पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. ती मला म्हणाली, "काल तुमच्या रानात बराबर चालून राह्यला व्हता. आज काय झालं याला?"

दादा आला. त्यानं बैलाकडे पाहिलं, मग जुवाकडे. बैलाला पाणी दाखवलं, मान चोळली. जल्दी कसलीच केली नाही. बैल उठल्यावर त्यानं येठण सोडली आणि आमच्या बैलाकडे सरकवून बांधली. पांढरा बैल चालायला लागला. दोघांनी काठीवर हंडा धरला, तर हंडा ज्याच्याजवळ त्याला भार जास्त, हे पाणी वाहणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. मला तेव्हा कळलं. काकूलाही कळलं.

"थांब," ती म्हणाली. "हे कधीपासनं?"

"काय?"

"दोर. तुझ्या बैलाकडं."

"खाच तिकडं पडली म्हणून."

"खाच आपोआप पडती व्हय रं? ओझं तुझा बैल ओढून राह्यला, अन् मी गावाला सांगून राह्यले बैलाला बैल."

दादा थोडा वेळ दांडीवरचा चिखल काढत राहिला. मग म्हणाला, "माझ्या रानात चाड्यावर मूठ कुणाची असती, काकू? आमच्या घरात तशी मूठ न्हाई कुणाची. तिचं मोल तू कधी धरलं का?"

 काकूनं ओटीतली ज्वारी वर-खाली केली.

"मंग बराबर हाय?"

"बिलकुल."

"हाक मंग."

दिवस मावळेपर्यंत रान पेरून झालं. बांधाकडच्या शेवटच्या ओळी वाळत्या मातीत पडल्या आणि विरळ उगवल्या. त्या हंगामात गावी आलो की त्या मला वाटेवरूनच दिसत. रान मात्र काकूचंच राहिलं, आणि बैलाला बैल हे ती पूर्वीसारखंच सांगत राहिली.

घरी येताना दादानं विचारलं, "मधे कुणी बांधलं?"

"मी. चुकून."

"बरं," तो म्हणाला.

चुकून नव्हतं. मी त्याला लबाड समजलो होतो. हे सांगायला पुढे कितीतरी वर्षं मिळाली आणि मी सांगितलं नाही. मात्र त्यानंतर सुट्टीत घरी आलो की जुंपताना दादा बाजूला सरायचा. "येठण तू बांध, मास्तर," म्हणायचा. मी बाजूच्या खाचेत बांधायचो. आपण बांधलेली गाठसुद्धा दोनदा ओढून बघणारा माणूस तो. माझी त्यानं कधी ओढून पाहिली नाही.