बेलवरची तीन नावं

झांदिरा ब्राझीलची, तिचा नवरा अदेलिनो पोर्तुगालचा. तो छपरं दुरुस्त करतो. संसार ब्रसेल्समध्ये, कालव्यापलीकडच्या आमच्या गल्लीत. नवरा युरोपचा आणि कामावर असला की बायकोला राहण्याचं कार्ड मिळायलाच हवं. तो हक्क आहे, मेहरबानी नव्हे. बाहेरून आलेल्यांचे अर्ज भरून देताना हे मी नगरपालिकेच्या खिडकीवर वीस वर्षं ओरडून सांगतेय.

पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या मालकाचं पत्र, सगळं तिने दिलं. उरला होता वस्तीचा पोलीस. तो न कळवता येतो, बेलवरचं नाव वाचतो आणि माणूस खरंच तिथे राहतं का ते बघून शेरा मारतो. ‘राहत नाही’ असा शेरा पडला की अर्ज खलास, वर देश सोडायचा हुकूम.

तीन आठवडे झांदिरा घराबाहेर पडली नाही. तरी टपालपेटीत चिठ्ठी आलीच: ‘येऊन गेलो. या नावाचं कुणी सापडलं नाही. एकदाच पुन्हा येईन.’

“ताई, मी घरातच होते हो!” तिचा फोन आला.

“बेलवर नाव लावलंयस का?”

“रोज लावते. सकाळी गेलेलं असतं.”

मी तडक गेले. बेलवर घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी पट्टी: लिसबेट कोरमान. खाली झांदिराच्या कागदाचा नुसता डिंक.

“घरमालकिणीची मुलगी,” झांदिरा म्हणाली. “अकरा वर्षांपूर्वी वारली. आमच्या घराची मागची खोली तिची. तिला कुलूप लावूनच घर आम्हाला भाड्याने दिलंय.”

मालकीण, मादाम गोडलीव, तळमजल्यावर बटाटे सोलत बसली होती.

“मादाम, दुसऱ्याच्या बायकोचं नाव का फाडता?”

“ती जागा लिसबेटची आहे.”

“अहो, गेली ना ती!”

“नगरपालिकेतूनही तिला अशीच खोडून टाकली. इथून कुणी खोडायची नाही.”

“मी पोलिसाला सांगेन!”

“सांगा की.” सुरी थांबली नाही. “तो मलाच विचारेल, वर कोण राहतं.”

झांदिरा माझ्या मागोमाग खाली आली होती.

तिने माझ्याकडे कागद मागितला आणि नावं लिहिली. वर लिसबेट, मग अदेलिनो, मग स्वतः. तिन्ही नावांची अक्षरं सारख्याच आकाराची. म्हातारीने पट्टी उतरवली आणि तो कागद स्वतःच्या अंगठ्याने दाबून चिकटवला.

“मेलेल्या बाईच्या रांगेत उभी राहतेस?” मी जिन्यातच तिला झापलं.

“जिवंतांच्या रांगेत मला कुणी घेतलंय अजून?”

आठव्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. मी तिथेच होते. पोलीस नोकरीत नवा, कोवळा पोरगा. त्याने कपाट उघडलं, बूट मोजले, न्हाणीतले दात घासायचे ब्रश बघितले.

“किती जण राहता?”

म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी होती. तिची नजर झांदिरावर.

“तीन,” झांदिरा म्हणाली.

“इथे ब्रश दोनच आहेत.”

म्हातारीने मागच्या खोलीला चावी लावली. कुलूप गंजलेलं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. आत नीट घातलेला पलंग, सपाता, भिंतीला वॉशबेसिन, पेल्यात एक ब्रश. पोलिसाने सवयीने त्यावर बोट फिरवलं आणि ते पँटला पुसलं. कापडावर ओला डाग उमटला.

“कामावर गेली वाटतं,” तो म्हणाला.

“हो,” म्हातारी म्हणाली.

त्याने शेरा लिहिला: तिघंही राहतात. झांदिराने खाली सही केली.

पुढे कार्ड आलं, पाच वर्षांचं. मी केक घेऊन गेले. “आता हे घर सोड,” म्हटलं. “दुसरं मी बघून ठेवलंय. सामान बांध.”

झांदिराने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“हळू बोला ताई. लिसबेट इथे राहते म्हणून मी लिहून दिलंय. तिला एकटीला टाकून जातेय हे तिला कळलं तर?”